टनामागे पाच सेंट

अमेरिकेतील बेथलेहेम स्टील ही कंपनी एके काळी त्या देशाच्या वैभवाची खूण समजली जाई. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे पोलाद तिचे. दुसऱ्या महायुद्धात तिच्या गोद्यांतून शेकडो जहाजे पाण्यात उतरली. या कंपनीने २००१ च्या ऑक्टोबरात दिवाळे काढले आणि ३१ मार्च २००३ या दिवशी आपल्या निवृत्त कामगारांचा औषधोपचाराचा विमा बंद केला. कामगार, त्यांच्या बायका आणि मागे राहिलेल्या विधवा मिळून सुमारे ९५,००० माणसे एका दिवसात उघडी पडली. याच माणसांचे पेन्शन मात्र पुष्कळसे वाचले. ते देण्याची जबाबदारी सरकारने स्थापन केलेल्या एका विमा महामंडळाने आधीच आपल्याकडे घेतली होती. एकाच मालकाने एकाच कामगाराला दिलेली ही दोन वचने. दिवाळ्याच्या पुरात एक तरले आणि दुसरे बुडाले. हे असे का व्हावे, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे. आणि त्याचे उत्तर पोलादाच्या भट्टीपाशी नसून कोळशाच्या खाणीत आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम हा विमा म्हणजे नेमके काय, ते पाहू. श्रोत्यांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत, तेव्हा ‘मेडिकेअर’ हा शब्द त्यांच्या कानांवरून गेलाच असेल. पासष्ट वर्षे पुरी झालेल्या माणसांसाठी ही सरकारी विम्याची योजना १९६५ च्या कायद्याने निघाली आणि १ जुलै १९६६ पासून सुरू झाली. पण मेडिकेअर म्हणजे सगळा खर्च, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. इस्पितळाच्या बिलातील पहिली ठरावीक रक्कम रोग्याने द्यावयाची असते. डॉक्टरांच्या मान्य बिलापैकी शंभरातले ऐंशी सरकार देते, वीस रोग्याने द्यावेत. आणि मूळ मेडिकेअरमध्ये या विसांना वरची मर्यादा नाही. खोकल्याच्या बिलातले वीस टक्के कुणालाही झेपतील; हृदयाच्या शस्त्रक्रियेचे वीस टक्के म्हणजे घर विकण्याची पाळी. घरी घ्यावयाची औषधे तर २००६ सालापर्यंत या योजनेत जवळजवळ नव्हतीच. दात, चष्मा, कानाचे यंत्र यांविषयी मूळ योजना प्रायः मौनच पाळते. ही जी भोके राहिली, ती बुजवणारा विमा तो पूरक विमा. काहींनी तो स्वतः हप्ते भरून घेतला. आणि मोठ्या कारखान्यांत, खाणींत, रेल्वेत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना तो मालकाकडून मिळे, पुष्कळदा एक सेंटही न देता. जो कामगार पासष्टीच्या आधीच निवृत्त होई त्याच्या बाबतीत तर तो पूरक नव्हताच. तोच सारा आधार होता. तीस वर्षे भट्टीपुढे किंवा भुयारात काढलेला माणूस पंचावन्न-साठीलाच थकून घरी बसे, हे लक्षात घेतले म्हणजे या विम्याचे मोल कळते.

आता, हे काम सरकारने करावयाचे, ते मालकाच्या गळ्यात कसे पडले? याला कारण युद्ध. १९४२ साली महागाई आवरण्यासाठी अमेरिकेच्या सरकारने पगारवाढीवर बंधने घातली. परंतु विमा, पेन्शन यांसारख्या सवलती त्या बंधनांतून पुष्कळशा मोकळ्या ठेवल्या. ज्या मालकांना पगार वाढवून माणसे ओढता येत नव्हती ते विम्याचे आमिष दाखवू लागले. पुढे युद्ध संपले. १९४५ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष ट्रूमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढे मांडली, आणि ती डॉक्टरांच्या संघटनेच्या व इतरांच्या विरोधामुळे बारगळली. सरकारच्या दारी जे मिळाले नाही ते मालकाच्या दारी मागावे, असे कामगार संघटनांनी ठरवले. एका अर्थाने त्यांचा नाइलाजच होता.

या मागणीला सर्वांत ठसठशीत रूप दिले ते खाणकामगारांच्या संघटनेने आणि तिचे पुढारी जॉन लुइस यांनी. हा दाट भुवयांचा, बायबल आणि शेक्सपिअर यांची वचने सहज तोंडी खेळवणारा गृहस्थ ज्यांना आवडत नसे त्यांनाही त्याची दखल घ्यावी लागे. १ एप्रिल १९४६ रोजी दगडी कोळशाच्या खाणींत संप सुरू झाला. तेव्हा त्या देशाच्या आगगाड्या, वीज आणि पोलाद ही सारी कोळशावर चालत. लुइस यांची मुख्य मागणी पगाराची नव्हती. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर काही रक्कम बाजूला काढून तिच्यातून कामगारांच्या आजारपणाची व म्हातारपणाची सोय करावी, ही होती. मालकांनी ती धुडकावली. तेव्हा ट्रूमन यांनी २१ मे रोजी खाणी सरकारच्या ताब्यात घेतल्या, आणि २९ मे रोजी अंतर्गत खात्याचे मंत्री क्रुग व लुइस यांनी व्हाइट हाउसमध्ये करारावर सह्या केल्या. त्या करारान्वये दर टन कोळशामागे पाच सेंट कामगारांच्या कल्याणनिधीत जमा व्हावयाचे ठरले.

पाच सेंट! रक्कम क्षुल्लक दिसते, पण त्यामागची कल्पना क्षुल्लक नव्हती. हा पैसा मालकाच्या मर्जीने दिलेला नव्हता, की कामगाराच्या पगारातून कापलेला नव्हता. कोळशाच्या प्रत्येक टनावरच त्या टनापायी झिजलेल्या फुप्फुसांचा भार टाकला होता. सरकारनेच सही केलेला हा करार असल्यामुळे खाणकामगारांच्या घराघरांत ‘सरकारने आम्हांला वचन दिले आहे’ अशी जी समजूत रुजली, ती पुढची सत्तर वर्षे टिकली. ती कायद्याच्या दृष्टीने कितपत बरोबर, हा वादाचा विषय आहे. इतिहासात मात्र तिने कायद्यापेक्षा अधिक काम केले.

त्या कराराचाच एक भाग म्हणून नौदलाचे वैद्यकीय अधिकारी रिअर ॲडमिरल जोएल बून यांच्याकडे कोळसाप्रदेशाच्या पाहणीचे काम दिले गेले. नौदलाचे अधिकारी खाणींच्या वस्त्यांतून घरोघर हिंडले. छायाचित्रकार रसेल ली यांनी तेथील चित्रे टिपली. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाने गळकी घरे, उघडी गटारे, दूषित पाणी आणि कंपनीच्या डॉक्टरचा बेफिकीर कारभार हे सारे देशापुढे मांडले. जगातील सर्वांत श्रीमंत देशात ही स्थिती होती. निधीने पहिले काम केले ते अपंगांचे. छत कोसळून पाठीचा कणा मोडलेले, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले कामगार डोंगराळ खोऱ्यांतल्या झोपड्यांतून शोधून काढले आणि आगगाडीने न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया येथील पुनर्वसन केंद्रांत पाठवले. पुढे टनामागचा आकार वाढत वाढत १९५२ पर्यंत चाळीस सेंटांवर गेला. केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत निधीने स्वतःची दहा इस्पितळे बांधली. ती १९५६ च्या सुमारास सुरू झाली. ज्या हॅझार्ड आणि हार्लन गावांची नावे पूर्वी गोळीबारांमुळे ऐकू येत, तेथे आता नव्या इस्पितळांच्या इमारती उभ्या राहिल्या. खाणकामगाराच्या खिशात निधीचे कार्ड असे. ते दाखवले की इस्पितळाचे दार उघडे.

पण या रचनेत एक दोष मुळापासूनच होता. टनामागे पैसा, म्हणजे कोळसा निघेल तोवर पैसा. आणि म्हातारे मात्र कोळसा निघो न निघो, आजारी पडायचेच. लुइस यांनी १९५० च्या करारात यंत्रांना वाट मोकळी करून दिली. थोडे कामगार असोत, पण त्यांना चांगला पगार असो, हे त्यांचे धोरण. त्याचा परिणाम असा झाला की चार लाखांहून अधिक असलेले कामगार साठीच्या दशकात दीड लाखाच्या खाली आले. त्यातच रेल्वेची एंजिने डिझेलवर गेली आणि घरोघरच्या शेगड्या तेलावर व वायूवर. निधीचा हौद रिता होऊ लागला.

मग कार्डे रद्द होऊ लागली. १९६० साली, वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्यांची. १९६२ साली, ज्यांचे मालक चाळीस सेंट भरत नव्हते त्यांची. म्हणजे चूक मालकाची आणि शिक्षा कामगाराला. तीही त्याच्याच संघटनेने चालवलेल्या निधीकडून. पूर्व केंटकीत यामुळे जो भडका उडाला तो अमेरिकेच्या कामगार इतिहासात प्रसिद्ध आहे: कार्ड गेलेले खाणकामगार मोटारींच्या रांगा करून एका खाणीवरून दुसऱ्या खाणीवर जात आणि काम बंद पाडीत. त्याच सुमारास निधीने ती दहा इस्पितळेही विकायला काढली. प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या एका संस्थेने ती चालवायला घेतली म्हणून वाचली. पूरक विमा बंद झाला की काय होते, याचा हा पहिला धडा. मालक दुष्ट असण्याचीसुद्धा गरज नसते. ज्या झऱ्यातून पाणी यावयाचे तो आटला, एवढे पुरे होते.

१९६५ साली मेडिकेअर आले. अध्यक्ष जॉन्सन यांनी मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी जाऊन, वृद्ध ट्रूमन यांच्या समोर त्या कायद्यावर सही केली आणि पहिले कार्ड त्यांनाच दिले. वीस वर्षांपूर्वी जे सर्वांसाठी मागितले होते त्यातले म्हाताऱ्यांपुरते ट्रूमन यांना पाहावयास मिळाले. या योजनेने निधीवरचा व कंपन्यांवरचा मोठा भार उचलला आणि नेमक्या त्यामुळेच कंपन्या उदार झाल्या. उरलेले वीस टक्के देणे त्यांना फार जड वाटेना. संघटनेशी बोलणी करताना पगारात दहा सेंट वाढवण्यापेक्षा ‘निवृत्तीनंतरचा विमा’ असे एक कलम घालणे स्वस्त पडे, कारण त्याचे पैसे आज द्यावयाचे नसत. उद्याचे उद्या! मालक, संघटना, हिशेबनीस सारेच या उधारीवर खूश होते.

येथे १९७४ सालच्या एका कायद्याकडे वळले पाहिजे, कारण सगळ्या प्रकरणाची मेख तेथे आहे. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथला स्टुडबेकर मोटारींचा कारखाना १९६३ च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा हजारो कामगारांचे पेन्शन पूर्णपणे किंवा बहुतांशी बुडाले. त्यावर दहा वर्षे चर्चा होऊन जो कायदा झाला त्याने पेन्शनला दुहेरी कवच दिले: काही वर्षे नोकरी झाली की पेन्शनचा हक्क कायम, तो मालकाला काढून घेता येत नाही; आणि मालकाचे दिवाळे निघाले तर ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शन देण्यासाठी विमा महामंडळ. आरोग्यविम्याला मात्र यांतले काहीच मिळाले नाही. कायद्याने त्याला ‘कल्याण योजना’ या सदरात टाकले. कल्याण म्हणजे मालकाची कृपा. ती जेव्हा लाभेल तेव्हा लाभेल. बेथलेहेमच्या त्या दोन वचनांची वाटचाल येथेच वेगळी झाली होती, त्यांचे दिवाळे निघण्याच्या सत्तावीस वर्षे आधी. कामगारांना मात्र हे कुणी सांगितले नाही, आणि त्यांनाही विचारावेसे वाटले नाही. ज्या पाकिटातून पेन्शनचा चेक येई त्याच कंपनीकडून विम्याचे कार्ड येई. मग एक हक्क आणि एक बक्षीस, हा भेद सामान्य माणसाला कसा कळावा?

कळण्याची वेळ लवकरच आली. १९८६ च्या जुलैत एलटीव्ही या दुसऱ्या पोलाद कंपनीने दिवाळे काढले आणि त्याच क्षणी आपल्या पाऊण लाखाच्या आसपास निवृत्तांचा विमा थांबवला. काही माणसे तर इस्पितळात खाटेवर होती. एवढा गहजब झाला की कंपनीला विमा पुन्हा चालू करावा लागला आणि काँग्रेसने १९८८ साली कायदा केला: दिवाळ्यात निघालेल्या कंपनीने निवृत्तांचा विमा आपणहून तोडू नये; त्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी, मग न्यायालयाची परवानगी घ्यावी. या कायद्याचे त्या वेळी फार कौतुक झाले. परंतु त्याने दाराला कडी बसवली, कुलूप लावले नाही. कंपनी तगण्यासाठी आवश्यक आहे असे न्यायाधीशास पटले की दार उघडे. बेथलेहेमचे तसेच झाले.

कोळशाच्या प्रदेशात मात्र गोष्ट निराळी घडली. ती थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

पिट्स्टन ही कंपनी व्हर्जिनिया व शेजारच्या राज्यांतील खाणींतून पोलादासाठी लागणारा कोळसा काढी आणि तो परदेशी विकी. परदेशच्या बाजारात टिकावयाचे तर खर्च कमी केला पाहिजे, असे तिचे म्हणणे. ती खाणमालकांच्या सामायिक मंडळातून बाहेर पडली, १९८८ च्या आरंभी जुना करार संपला, आणि तिने सुमारे १,५०० निवृत्त कामगार, विधवा आणि अपंग यांचा आरोग्यविमा तोडला. यांत काळ्या फुप्फुसाचे रोगी होते. कोळशाची धूळ वर्षानुवर्षे आत जाऊन ज्यांचे श्वासच अडकलेले, असे हे लोक. त्यांच्यापैकी कित्येकांना घरात प्राणवायूची नळकांडी लागत.

कामावर असलेले कामगार लगेच संपावर गेले नाहीत. चौदा महिने त्यांनी कराराशिवाय काम केले आणि ५ एप्रिल १९८९ रोजी हत्यारे खाली ठेवली. आमच्या मते या संपाचे वैशिष्ट्य हेच की, जे संपावर गेले त्यांचा स्वतःचा विमा तुटलेला नव्हता. तुटला होता तो त्यांच्या बापांचा आणि शेजारच्या विधवांचा. स्वतःच्या पगारासाठी संप करणारे पुष्कळ. दुसऱ्याच्या औषधासाठी दहा महिने उपाशी राहणारे विरळा. अर्थात यात स्वार्थ अजिबात नव्हता असे नाही. आज जे म्हाताऱ्याचे तेच उद्या आपले, हे प्रत्येकाला दिसत होते. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, ही आपली म्हण त्या डोंगरांतल्या लोकांना ठाऊक नसली तरी तिचा अर्थ ठाऊक होता.

संप मुख्यतः अहिंसेने चालवावयाचा असे संघटनेने ठरवले. सैनिकी ठिपक्यांचे कपडे घालून माणसे रस्त्यांवर बसत, कोळशाच्या ट्रकांपुढे सावकाश मोटारी हाकीत, आणि हजारोंच्या संख्येने अटक करून घेत. बायकांनी लेबनॉन या गावातील कंपनीचे कार्यालय अडवून धरले. नावे विचारली तेव्हा प्रत्येकीने ‘मदर जोन्सची लेक’ एवढेच सांगितले. सप्टेंबरात अठ्ठ्याण्णव खाणकामगार आणि एक धर्मोपदेशक यांनी मॉस क्रमांक ३ हा कोळसा धुण्याचा प्रचंड कारखाना ताब्यात घेतला आणि चौथ्या दिवशी शांतपणे सोडला. राज्याच्या एका न्यायाधीशाने संघटनेवर सहा कोटी डॉलरांहून अधिक दंड बसवला. मौज अशी की त्याच नोव्हेंबरात त्या न्यायाधीशाचे वडील, जे वीस वर्षांहून अधिक काळ राज्याच्या विधिमंडळात होते, ते निवडणुकीत पडले. निवडून आला तो संघटनेचा एक स्थानिक पुढारी, आणि तोही अशा रीतीने की त्याचे नाव मतपत्रिकेवर छापलेलेच नव्हते. मतदारांनी ते लिहून मत दिले! दंडाचा मोठा भाग १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

मजूर मंत्री एलिझाबेथ डोल स्वतः त्या भागात गेल्या, मध्यस्थ नेमला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी समेट झाला. कंपनीने विमा पुन्हा सुरू केला. डोलबाईंनी याहून महत्त्वाचे काम केले ते असे की, सगळ्याच खाणनिवृत्तांच्या विम्याचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. कारण पिट्स्टनसारख्या कंपन्या बाहेर पडत गेल्या तर आत उरलेल्यांवर सगळ्यांच्या म्हाताऱ्यांचा भार येणार, आणि मग तेही पळणार, हे उघड होते. या आयोगाच्या कामातून १९९२ चा कोळसा कायदा झाला. ज्या कंपनीकडे माणूस राबला तिनेच त्याचा विम्याचा हप्ता भरावा, ती नसेल तर तिच्या संबंधितांनी भरावा, आणि ज्यांचे कुणीच उरले नाही अशा ‘अनाथ’ निवृत्तांचा खर्च सामायिक निधीतून व्हावा, अशी त्याची रचना. जे पाच सेंटांचे वचन ४६ वर्षे कराराच्या कागदावर होते ते कायद्यात आले. त्यातही एक खिंडार पडले: ईस्टर्न एंटरप्रायझेस या कंपनीने १९६५ सालीच कोळसा सोडला होता, इतक्या जुन्या संबंधावरून तिला पैसे भरायला लावणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तरीही कायद्याचा मोठा भाग टिकून राहिला.

खाणवाल्यांचे असे झाले. पण देशातील इतर निवृत्तांचे काय? त्यांच्यावर आघात झाला तो हिशेबाच्या वहीतून. १९९० च्या डिसेंबरात जमाखर्चाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने १०६ क्रमांकाचा नियम काढला: निवृत्तांच्या विम्याचे पुढे जे देणे होणार आहे ते आजच ताळेबंदात दाखवा. वर्षानुवर्षे ‘उद्याचे उद्या’ म्हणून ठेवलेली उधारी एकदम खातेवहीच्या पानावर उतरली. जनरल मोटर्सने १९९२ साली या एका नोंदीपोटी सुमारे २,०८० कोटी डॉलरांचा बोजा दाखवला आणि तिचा त्या वर्षीचा तोटा २,३५० कोटींवर गेला. नियमाने एक पैसाही खर्च वाढला नव्हता. फक्त तो दिसू लागला होता. आणि दिसू लागताच कंपन्या तो पुसण्याच्या मागे लागल्या. दोनशेंहून अधिक कामगार असलेल्या व विमा देणाऱ्या कंपन्यांपैकी १९८८ साली ६६ टक्के कंपन्या निवृत्तांनाही विमा देत. २०२३ साली २१ टक्के. या दोन आकड्यांच्या मधल्या पस्तीस वर्षांत जे घडले त्याला संप नाही, मोर्चे नाहीत, फारसा इतिहासही नाही. घरोघर पत्रे गेली, एवढेच.

काही निवृत्त न्यायालयात गेले. त्यांना विचारले गेले: कागद दाखवा. आपल्याकडे १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातील इनामदारांना सनदा दाखवा म्हणून विचारले होते, त्याची येथे आठवण होते. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट आहे, एवढे सांगून तेव्हाही पुष्कळांचे भागले नाही. जनरल मोटर्सच्या पगारदार निवृत्तांकडे कंपनीच्या पुस्तिका होत्या आणि त्यांत ‘आयुष्यभर’ हा शब्दही होता. परंतु योजनेत फेरफार करण्याचा हक्क कंपनीने राखला आहे, असेही वाक्य होते. १९९८ साली अपील न्यायालयाने दुसरे वाक्य वजनदार ठरवले. संघटनांच्या करारांच्या बाबतीत काही न्यायालये १९८३ पासून अधिक सहानुभूतीने पाहत: करारात स्पष्ट नसले तरी निवृत्ताचा विमा हा त्याच्या निवृत्तीबरोबर चालावयाचा, असे अनुमान काढीत. २०१५ साली वेस्ट व्हर्जिनियातील एका कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अनुमानही मोडून काढले. करार संपला की त्यातील देणी सामान्यतः संपतात. आयुष्यभर द्यावयाचे असेल तर तसे लिहा, असा निर्णयाचा इत्यर्थ. कायद्याच्या तर्काला धरून हे ठीक असेल. आम्हांला एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्या काळात हे करार झाले त्या काळी ते न लिहिण्यात दोन्ही पक्षांची सोय होती, आणि न लिहिल्याचा दंड मात्र एकाच पक्षाला झाला.

घरात काय होते, तेही सांगितले पाहिजे. पत्र येते, त्यात एक तारीख असते. पासष्टीच्या वरच्या माणसाकडे मेडिकेअर उरते, भोकांसकट. ती भोके बुजवणारा विमा त्याने बाजारात घ्यावा म्हटले तर विमा कंपनी पहिला प्रश्न प्रकृतीचा विचारते, आणि बहुतेक राज्यांत तिला नकार देण्याची मुभा असते. पासष्टी गाठून मेडिकेअरच्या डॉक्टरी भागात नाव नोंदवल्यापासून सहा महिने काही न विचारता हा विमा मिळतो. पण मालकाचा विमा होता म्हणून ते सहा महिने बहुतेकांनी कधीच घालवलेले असतात. अशांसाठी कायद्याने एक खिडकी ठेवली आहे: मालकाचा पूरक विमा बंद झाल्यापासून त्रेसष्ट दिवस काही ठरावीक पॉलिसी प्रकृती न विचारता द्याव्या लागतात. त्रेसष्ट दिवस! ऐंशी वर्षांची विधवा, जिने हे कागद आयुष्यात पाहिले नाहीत कारण ते सारे नवरा पाहत असे, तिने एवढ्या अवधीत पॉलिसी समजून घ्यावी, निवडावी आणि हप्त्याची तजवीज करावी. आणि पासष्टीच्या आतल्यांचे तर सर्वच जाते. बेथलेहेमच्या अशा पंचावन्न ते चौसष्ट वयाच्या निवृत्तांसाठी सरकारने हप्त्याच्या ६५ टक्क्यांची करसवलत ठेवली होती. उरलेले पस्तीस टक्के भरणेही अनेकांच्या पेन्शनला जड होते. ज्यांना मेडिकेअर होते त्यांना २००३ साली औषधे स्वतःच्या खिशातून घ्यावी लागली, कारण औषधांची सरकारी योजना सुरू व्हायला अजून जवळजवळ तीन वर्षे होती. अशा वेळी माणसे काय करतात हे सांगायला अमेरिकेत जाण्याची गरज नाही. गोळी अर्धी करतात, तपासणी पुढे ढकलतात, आणि मुलांना सांगत नाहीत.

मोटारींच्या धंद्यात तोडगा निघाला तो मजेदार आहे. २००७ साली तिन्ही मोठ्या कंपन्यांनी संघटनेशी करार करून निवृत्तांच्या विम्यासाठी एकरकमी पैसा एका विश्वस्त निधीत टाकावयाचे आणि जबाबदारीतून मोकळे व्हावयाचे ठरवले. साठ वर्षांनी गाडी लुइस यांच्याच स्टेशनावर आली! पगारदार निवृत्तांना संघटना नव्हती; २००८ साली जनरल मोटर्सने पासष्टीच्या वरच्यांना विम्याऐवजी महिना ३०० डॉलर पेन्शनमध्ये वाढवून दिले आणि विषय मिटवला.

आणि खाणवाले? त्यांची कसोटी पुन्हा एकदा व्हावयाची होती. पीबडी या बड्या कंपनीने २००७ साली आपल्या काही जुन्या खाणी आणि त्यांच्या निवृत्तांची देणी वेगळी काढून पेट्रियट नावाची नवी कंपनी स्थापली. पाच वर्षांत तिचे दिवाळे निघाले, आणि मे २०१३ मध्ये सेंट लुइसच्या न्यायालयाने तिला निवृत्तांचा विमा मोडण्याची परवानगी दिली. ज्यांचा विमा गेला त्यांतल्या बहुतेकांनी पेट्रियट कंपनीत एक दिवसही काम केले नव्हते. ते राबले होते दुसऱ्यांकडे, आणि देणी मात्र या दुबळ्या कंपनीच्या नावे केली होती. ज्याच्या गाडीला बैल जुंपले त्याने म्हातारे झाल्यावर ते दिवाळखोराच्या गोठ्यात बांधावेत, असा हा प्रकार. पाठोपाठ इतर काही कोळसा कंपन्याही बुडाल्या. यांतले पुष्कळ निवृत्त १९९२ च्या कायद्याच्या कक्षेबाहेरचे होते, कारण तो कायदा १९९४ च्या ऑक्टोबरपूर्वी निवृत्त झालेल्यांपुरता होता. २०१६ च्या शरद ऋतूत त्यांना पत्रे आली: ३१ डिसेंबरला विमा संपेल. काँग्रेसने ऐन वेळी चार महिने वाढवून दिले. २०१७ च्या मार्चमध्ये पुन्हा पत्रे आली: एप्रिलअखेर संपेल. ठिपक्यांचे तेच कपडे घालून म्हातारे बसगाड्यांतून वॉशिंग्टनला गेले आणि सिनेटच्या सज्जांत बसले. प्रत्येकाच्या तोंडी १९४६ आणि ट्रूमन होते, जरी त्यांतल्या बहुतेकांचा जन्म त्या करारानंतरचा होता. मेच्या पहिल्या आठवड्यात कायदा झाला आणि सुमारे २२,६०० निवृत्त व विधवा यांचा विमा कायम झाला. त्याचा खर्च आता टनामागच्या सेंटांतून येत नाही. तो सरकारी तिजोरीतून आणि सोडून दिलेल्या खाणी बुजवण्यासाठी कोळशावर जो कर घेतला जातो, त्याच्या निधीच्या व्याजातून येतो.